तहाची बोलणी आणि खानदेश : तीन राज्यकर्त्या स्त्रियांचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना जेवढी जागा मिळते तेवढी तहांना मिळत नाही. लढाईचे वर्णन पानभर चालते. तह मात्र तीन-चार कलमांत उरकला जातो. तो तह कोणी सुचविला, पहिला निरोप कोणी धाडला, बोलणी फिसकटू नयेत म्हणून कोणी काय पत्करले, हे बहुधा सांगितलेच जात नाही. आणि बोलणी करणारी व्यक्ती स्त्री असेल तर ही उपेक्षा दुप्पट होते. हातात तलवार घेऊन तटावर उभी राहिलेली चांदबीबी आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. घोड्यावरून लढणाऱ्या भीमाबाई होळकरांची आठवण लोक आवडीने सांगतात. परंतु तीच चांदबीबी तहाची बोलणी करणारी होती आणि त्याच बोलण्यांपायी तिचा जीव गेला, हे किती जणांच्या स्मरणात असते?

खानदेशाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हा प्रांत दोन वेळा मोठ्या परकीय सत्तेच्या हाती गेला : १६०१ मध्ये मोगलांच्या आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या. दोन्ही वेळा, सत्तांतराच्या थोडेसेच आधी, शेजारच्या दरबारातील एका राज्यकर्त्या स्त्रीची तिच्याच माणसांनी हत्या केली होती. आणि दोन्ही वेळा तिच्यावरचा आरोप एकच होता, की ती शत्रूशी तहाची बोलणी करीत आहे. या हत्यांमुळेच खानदेश गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि या दोन घटना आणि त्यांच्या मधल्या काळातील एक यशस्वी उदाहरण एकत्र ठेवून पाहिले, तर तहाच्या बैठकीत स्त्रीचे स्थान काय होते आणि ते कशावर अवलंबून होते, याचा पुष्कळ उलगडा होतो.

वाटेवरचा प्रांत

खानदेश हा वाटेवरचा प्रांत आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे व सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांना दोन वाटा सोयीच्या होत : एक असीरगडाखालून बऱ्हाणपुरास येणारी आणि दुसरी सेंधव्याचा घाट उतरून थाळनेरजवळ तापी ओलांडणारी. म्हणूनच फारुकी सुलतानांचा मूळ पुरुष मलिक राजा याने चौदाव्या शतकात थाळनेर येथे आपले ठाणे केले आणि पुढे त्याच्या वंशजांची राजधानी बऱ्हाणपुरास गेली. आज थाळनेर धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. इंग्रजी अमदानीत खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मात्र सीमा कोणत्याही असोत, वाटेवरच्या प्रांताचे नशीब दोन्ही बाजूंच्या दरबारांत ठरत असते, हे येथील लोकांनी शतकानुशतके अनुभवले आहे.

चांदबीबी : दोन तह, दोन शेवट

चांदबीबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची कन्या. विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालेला तिचा विवाह हाच मुळी दोन भांडणाऱ्या घराण्यांमधला सलोखा होता. सोलापूरचा किल्ला त्या विवाहात आंदण म्हणून देण्यात आला. १५८० मध्ये पतीचा खून झाल्यावर अल्पवयीन इब्राहिम आदिलशाहाची पालक म्हणून तिने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे ती माहेरी परतली. १५९५ मध्ये अहमदनगरच्या गादीवरून सरदारांत दुफळी माजली आणि त्यांच्यापैकीच एकाने मोगलांना मदतीस बोलावले. अकबराचा पुत्र मुराद व खानखानान अब्दुल रहीम यांनी किल्ल्यास वेढा दिला. खानदेशचा सुलतान राजा अलीखान फारुकी मोगलांच्या छावणीत होता. शेजाऱ्याशी वैर नको आणि बलाढ्य बादशहाशी तर नकोच, अशा पेचात तो सापडला होता.

सुरुंगाने तट फुटल्यावर चांदबीबी चिलखत घालून खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला गेला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यानंतरची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. तट सावरला त्याच क्षणी तिने बोलणी सुरू केली आणि १५९६ मध्ये तह केला. वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. मोबदल्यात अहमदनगरचे राज्य वाचले आणि बालराजा बहादूर निजामशाह यास मान्यता मिळाली. प्रदेश देऊन राज्य राखण्याचा हा हिशेब कडू होता, परंतु तो विचारपूर्वक केलेला होता.

तह फार काळ टिकला नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा युद्ध पेटले आणि त्यात राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. १६०० मध्ये शाहजादा दानियाल व खानखानान यांनी अहमदनगरला पुन्हा वेढा घातला. या खेपेस किल्ल्यात दाणागोटा नव्हता, एकोपा नव्हता आणि बाहेरून मदत येण्याची आशाही नव्हती. बालराजासह सर्वांना सुखरूप बाहेर पडू द्यावे आणि किल्ला मोगलांच्या स्वाधीन करावा, असा विचार चांदबीबीने मांडला. किल्ल्यातल्याच एका अधिकाऱ्याने ‘बीबी मोगलांना फितूर झाली’ अशी हाकाटी केली. जमाव महालात शिरला आणि ज्या स्त्रीने चार वर्षांपूर्वी तो तट राखला होता तिला ठार मारण्यात आले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. जी सुटका तिने बोलण्यांतून मिळविली असती ती कोणालाच मिळाली नाही. बालराजा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला.

त्याच सुमारास अकबर स्वतः बऱ्हाणपुरास आला होता. राजा अलीखानाचा पुत्र बहादूरखान असीरगडावर दडून बसला. या वेढ्याचे वर्णन करणाऱ्यांत आपल्या ओळखीचे एक नाव आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम झेवियर त्या वेळी अकबराच्या छावणीत होते आणि ब्रदर बेनेडिक्ट गोइश हेही त्यांच्याबरोबर होते. फादर झेवियर यांच्या पत्रांवर आधारलेल्या येशूसंघीय वृत्तांतानुसार बहादूरखानाला अभयवचन देऊन बोलणीसाठी खाली बोलावण्यात आले आणि मग अडकवून ठेवण्यात आले. पुढे गडाचे दरवाजे सोन्याच्या बळावर उघडले. दरबारी बखरकारांची हकीकत याहून वेगळी आहे. कोणती खरी याचा वाद इतिहासकारांत झालेला आहे. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचे राज्य संपले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ असे नवे नाव देण्यात आले.

अहिल्याबाई : न झालेली लढाई

यानंतर सुमारे एकशे पासष्ट वर्षांनी, १७६६ मध्ये, मल्हारराव होळकर वारले. पुत्र खंडेराव त्यांच्या आधीच, १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला होता. १७६७ मध्ये नातू मालेरावही गेला आणि दौलतीस वारस उरला नाही. कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड याने राघोबादादा पेशव्यांना पुढे करून दत्तक घेण्याचा, म्हणजेच अहिल्याबाईंना बाजूस सारण्याचा घाट घातला. राघोबादादा फौजेसह क्षिप्रेच्या काठी आले.

अहिल्याबाईंनी या संकटात काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी शिंदे, गायकवाड, भोसले यांच्याकडे पत्रे रवाना केली. पुण्यास माधवराव पेशव्यांना आपली बाजू कळवून त्यांचा पाठिंबा मिळविला. स्वतःची फौज सज्ज ठेविली आणि तिचे नेतृत्व विश्वासू तुकोजी होळकरांकडे सोपविले. आपण हरलो तर स्त्री म्हणून आपल्याला कोणी हसणार नाही, पण आपण हरलात तर जगात तोंड दाखविता येणार नाही, असा निरोप त्यांनी राघोबांना धाडला, अशी कथा सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, परिणाम निर्विवाद आहे. आपण केवळ सांत्वनासाठी आलो आहोत असे सांगून राघोबादादांनी माघार घेतली. रक्ताचा थेंब न सांडता दौलत राहिली आणि पाहुण्यांची अब्रूही राहिली.

खानदेशाशी त्यांचा संबंध आणखी एका तहातून येतो. सातपुडा व विंध्याच्या घाटवाटांवर भिल्लांचा दरारा होता. त्यांचा बंदोबस्त करताना अहिल्याबाईंनी प्रथम कडक उपाय योजले. पण नंतर डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांनी घेण्याची जुनी लहानशी पट्टी, म्हणजे ‘भिलकवडी’, हा त्यांचा हक्क म्हणून मान्य केला. त्याच्या बदल्यात वाट राखणे आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर तिचा माग लावून देणे ही जबाबदारी भिल्लांवर टाकली. मध्य भारताचा इतिहास लिहिणाऱ्या सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये या व्यवस्थेचे कौतुक केले आहे. ज्याच्या हाती शांतता मोडण्याचे सामर्थ्य आहे त्याला शांतता टिकण्यात काही लाभ असला पाहिजे, हे व्यवहारज्ञान या करारामागे दिसते.

तुळसाबाई : क्षिप्रेच्या काठी

१८११ मध्ये यशवंतराव होळकर वारले आणि बालक मल्हाररावाच्या नावाने तुळसाबाई कारभार पाहू लागल्या. त्यांच्याविषयी चांगले लिहिलेले फारसे सापडत नाही. त्या रूपवान, हुशार, पण सूडबुद्धीच्या होत्या असे माल्कम लिहितो. बाळाराम शेट या कारभाऱ्याच्या वधाचा ठपकाही त्यांच्यावर आहे. त्यांना निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. मात्र माल्कम हा त्या काळी समोरच्या पक्षाचा बोलणी करणारा अधिकारी होता, हेही वाचताना विसरू नये.

१८१७ च्या अखेरीस पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध सुरू झाले होते. होळकरांच्या सैन्याचा पगार थकलेला होता. सैन्यातील पठाण सरदारांना लढाई हवी होती. अमीरखान तर नोव्हेंबरातच इंग्रजांशी स्वतंत्र करार करून मोकळा झाला होता. अशा वेळी बालराजाला घेऊन इंग्रजांच्या आश्रयास जाण्याचे बोलणे तुळसाबाईंनी गुप्तपणे चालविले. सरदारांना त्याचा सुगावा लागला. त्यांनी मल्हाररावाला ताब्यात घेतले, बाईंवर पहारा बसविला आणि २० डिसेंबर १८१७ च्या पहाटे महिदपूरजवळ क्षिप्रेच्या काठी नेऊन त्यांचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी महिदपूरची लढाई झाली. होळकरांचे सुमारे तीन हजार लोक पडले आणि फौज उधळली.

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडचा सगळा मुलूख, सेंधव्याचा किल्ला आणि खानदेशातील होळकरांची सर्व ठाणी इंग्रजांकडे गेली. होळकरांच्या वतीने तात्या जोग यांनी तह केला आणि ते दौलतीचे मानाचे कारभारी झाले. पठाण पथकांचा म्होरक्या गफूरखान यास याच तहातील कलमाने जावऱ्याची जहागीर कायम झाली. एका स्त्रीने बोलणी केली तेव्हा ती फितुरी ठरली. तीच बोलणी तीन आठवड्यांच्या आत आणि तीन हजार प्रेतांनंतर पुरुषांनी केली तेव्हा त्याला मुत्सद्देगिरी म्हणण्यात आले.

पुढील प्रसंग थाळनेरचा. मंदसोरच्या तहान्वये खानदेशातील ठाणी ताब्यात घेण्यासाठी सर टॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेरास पोहोचली. किल्लेदार तुळशीराम याने प्रथम प्रतिकार केला आणि नंतर तो स्वाधीन झाला. परंतु आतल्या अरब शिबंदीशी बोलणे चालू असताना काही गैरसमज झाला आणि आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. मग सुमारे तीनशेंची शिबंदी कापली गेली आणि किल्लेदारास त्याच दिवशी फाशी देण्यात आली. या फाशीवर ब्रिटिश पार्लमेंटातही टीका झाली. बोलणी करणारा आणि ऐकणारा यांच्यात विश्वास नसला की किती रक्त सांडते, याची साक्ष तापीकाठचा तो पडका किल्ला आजही देतो.

इंग्रजांनी धुळे हे ठाणे केले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने कारभार हाती घेतला. पण डोंगरातले भिल्ल स्वस्थ बसले नाहीत. फौजा पाठवूनही बंडे मोडेनात. अखेर १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स आउट्रमने धरणगावास भिल्ल पलटण उभारली. अहिल्याबाईंना जे उमगले होते, की डोंगरातल्या माणसाला राखणदाराचे काम आणि मान द्यावा, तेच कंपनी सरकारला सात वर्षांच्या हाणामारीनंतर उमगले.

फरक कोठे पडला

तीन स्त्रिया, आणि तिघींच्याही हाती बालकाच्या किंवा दिवंगतांच्या नावाने आलेली सत्ता. मग एक यशस्वी का झाली आणि दोघी का मारल्या गेल्या? गुणांतला फरक हे पुरेसे उत्तर नाही. चांदबीबी शौर्यात किंवा बुद्धीत कोणाहून उणी नव्हती. अहिल्याबाईंपाशी तीन गोष्टी होत्या : भरलेला खजिना, हुकमातली फौज आणि पेशव्यांची उघड मान्यता. त्यांची बोलणी दौलतीच्या अधिकृत प्रमुखाची होती आणि ती सर्वांना माहीत होती. १५९६ मध्ये चांदबीबीपाशीही सैन्याची एकजूट होती, तेव्हा तह झाला. १६०० मध्ये ती एकजूट गेली. तुळसाबाईंपाशी तर पगार द्यायला पैसाही नव्हता. अधिकार डळमळीत असला की बोलणी गुप्तपणे करावी लागतात, आणि गुप्त बोलण्याला फितुरीचा रंग देणे कोणालाही सोपे जाते. अशा वेळी स्त्रीच्या चारित्र्याविषयीची कुजबूज हे आणखी एक हत्यार होते.

युरोपचा इतिहास हेच सांगतो. १५२९ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि सम्राट पाचवा चार्ल्स दोघेही युद्धाने थकले होते. पण पहिला शब्द काढणे दोघांनाही मानहानीचे वाटत होते. तेव्हा राजाची आई लुईझ आणि सम्राटाची आत्या मार्गारेट, ज्या नात्याने नणंद-भावजय होत्या, कांब्रे या गावी भेटल्या आणि त्यांनी तह केला. तो इतिहासात ‘स्त्रियांचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. दोघींनाही आपापल्या दरबाराचे पूर्ण अधिकारपत्र होते, ही त्यातील मुख्य गोष्ट. आपल्या काळात उत्तर आयर्लंडमध्ये मोनिका मॅकविल्यम्स ही कॅथलिक आणि पर्ल सेगर ही प्रॉटेस्टंट अशा दोघींनी १९९६ मध्ये इतर स्त्रियांसह एक आघाडी उभारली, निवडणूक लढवून बोलण्यांच्या मेजावर रीतसर जागा मिळविली आणि १९९८ च्या शुभशुक्रवारच्या करारात भाग घेतला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश ‘स्त्रिया : शांतीच्या शिक्षिका’ या विषयावर दिला होता, आणि ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ संमत करून शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान द्यावे असे सर्व राष्ट्रांना सांगितले.

महालातून शेताच्या बांधापर्यंत

खानदेशात ही परंपरा पुढे राजवाड्यांत उरली नाही. ती शेताच्या बांधावर आली. १९७१-७२ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे-तळोदे भागात जमीन गमावलेले भिल्ल मजूर आणि मोठे शेतकरी यांच्यातील संघर्ष गोळीबारापर्यंत गेला होता. अंबरसिंग सुरतवंती आणि पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी या मजुरांना एकत्र आणले. त्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्या मारिया मीस यांनी नोंदविले आहे की मोर्चांत तर स्त्रिया पुढे होत्याच, पण मजुरीच्या दराची बोलणी चालली असताना पुरुष तडजोडीला तयार झाले तरी स्त्रिया आपल्या मागणीवरून हटत नसत. त्यानंतर त्याच स्त्रियांनी गावोगावी दारूची मडकी फोडली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. ज्या सलोख्यात आपल्या घरातला मार थांबत नाही तो सलोखा त्यांना अपुरा वाटला. चांदबीबी आणि तुळसाबाई यांच्या काळात हा प्रश्न बोलण्यांत येणे शक्यच नव्हते.

१९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर या गावी शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने पुढाकार घेतला आणि ग्रामपंचायतीच्या सर्व जागांवर स्त्रिया निवडून आल्या. ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात याच गावातील शंभराहून अधिक पुरुषांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने देशभरच्या पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. या आरक्षणावर टीका पुष्कळ होते; सरपंचबाईंच्या खुर्चीमागे नवराच बोलतो, असे आपण ऐकतो आणि काही ठिकाणी ते खरेही असते. परंतु वर सांगितलेला इतिहास ध्यानी घेतला म्हणजे त्या खुर्चीचे मोल कळते. अहिल्याबाईंना पेशव्यांच्या पत्राने जे दिले ते आज कायदा गावच्या स्त्रीला देतो : उघडपणे, सर्वांसमोर, गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार.

पाण्याच्या पाळीवरून, शेताच्या बांधावरून, दोन आळ्यांच्या भांडणावरून आपल्या गावांत अजूनही बैठका होतात. तेथे स्त्रिया बहुधा दाराआड उभ्या राहून ऐकत असतात. भांडणाचा खरा ताप मात्र त्यांनाच सोसावा लागतो. त्यांना बैठकीत बसवून घेणे आणि त्यांनी तडजोडीचा शब्द काढलाच तर त्याला कमकुवतपणा किंवा फितुरी न म्हणणे, एवढे तरी आपण करू शकतो. चारशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या किल्ल्यात आणि दोनशे वर्षांपूर्वी क्षिप्रेच्या काठी एवढेच घडले असते, तर पुष्कळांचे प्राण वाचले असते.